हात सैल सोडा

परवाना कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत, एक गृहस्थ सव्वीस वर्षं लोकांचे हात हातात घेऊन बसले होते. ते ज्योतिषी नव्हते. ज्योतिषी पुढचं सांगतो, यांच्या खात्याला मागचं हवं असे. नर्स, दाई, मालिशवाले, थेरपिस्ट, थोडक्यात ज्यांना दुसऱ्याच्या अंगाला हात लावून पोट भरायचं आहे, त्या सगळ्यांना परवान्याआधी चारित्र्य पडताळणी करून घ्यावी लागते. पूर्वी काही गुन्हाबिन्हा केलाय का, हे सरकारला बघायचं असतं. ते बघणारे लोक वरच्या मजल्यावर बसत. या गृहस्थांनी फक्त दहा बोटांचे ठसे कार्डावर घ्यायचे आणि कार्ड वर पाठवायचं. वरून काय निघालं, हे त्यांना सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

"हात सैल सोडा. काम मी करतो." हे वाक्य ते दिवसातून चाळीस वेळा म्हणत. त्यावरून कार्यालयाने त्यांचं नाव सैलसाहेब ठेवलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. काही मनाला लावून घ्यायचं म्हटलं तरी त्यांना ते जमत नसे.

वाक्यात तथ्य होतं. ठसा घ्यायचा तर बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कार्डावर लोळवावं लागतं, एका दमात, एकाच वजनाने. बोटाच्या मालकाने मध्येच जरा जोर लावला की शाई फिसकटली. आणि लोक जोर लावतातच. त्यावर सैलसाहेबांनी तोडगा काढला होता. समोरच्या भिंतीवर होडीचं एक चित्र टांगलं होतं. "त्या चित्रात एक चूक आहे, सापडते का बघा," असं सांगून ते काम सुरू करत. माणूस चूक शोधायला लागला की त्याचा हात आपोआप त्यांच्या ताब्यात येई. शीड उजवीकडे फुगलेलं आणि झेंडा डावीकडे फडफडतोय, हे दिसेपर्यंत दहाही बोटं झालेली असत.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण त्या खोलीत चोर नसलेल्यांच्याही मनात लख्ख चांदणं पडे. शाईचा रूळ बघितला की माणसं आपण होऊन बोलायला लागत. एका हेडनर्सने शेजारणीची फुलं तोडल्याचं कबूल केलं. एका मालिशवाल्याने नवव्या वर्षी चेंडूने वाचनालयाची काच फोडून पळ काढला होता, ते सांगताना त्याला घाम फुटला. सैलसाहेब शांतपणे म्हणाले, "अर्जातला रकाना लहान आहे हो, एवढं त्यात मावणार नाही."

प्रत्येक धंद्याच्या हाताबद्दल त्यांचं पक्कं मत होतं. नर्सचे हात धुऊन धुऊन कोरडे, मालिशवाल्यांचे तेलकट, दायांचे सगळ्यात निवांत. आणि सगळ्यात वाईट ऑक्युपेशनल थेरपिस्टचे! हे लोक आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा चमचा धरायला, शर्ट घालायला, कुलूप उघडायला शिकवतात. दिवसभर दुसऱ्याचा हात धरून हलवण्याची सवय. आपला हात कुणी धरला की तो गप्प बसेल तर शपथ. "यांचा एक ठसा म्हणजे दहा नर्स," असं ते सांगत.

आणि नेमकी याच जमातीशी त्यांची गाठ पडायची होती.

एका सकाळी दाढी करता करता वस्तरा हातातून गळून पडला. मेंदूत एक छोटीशी गुठळी. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. जीभ शाबूत राहिली, हे त्यांचं नशीब, आणि दिवसभर ती ऐकावी लागली हे बायकोचं. उजवा हात मात्र पिळून टाकलेल्या फडक्यासारखा पडून राहिला. कार्यालयात त्यांच्या जागी काचेवर बोट ठेवायचं यंत्र आलं. होडीचं चित्र कुणीतरी कपाटामागे सरकवलं.

बायको शिवणकाम करायची, शाळांचे गणवेश शिवायची. नवऱ्याला बटणं लावता येत नाहीत म्हटल्यावर तिने दोन दिवस मशीनवर बसून त्यांच्या सगळ्या शर्टांची बटणं काढली आणि चर्रकन उघडणाऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. घास भरवायची, केस विंचरायची, हातात वर्तमानपत्र देऊन पानंही उलटायची. सैलसाहेबांना ते आवडायला लागलं होतं. सव्वीस वर्षं दुसऱ्याला सांगितलं, आता स्वतःच सैल सोडून बसले.

मग इस्पितळातून थेरपिस्ट आली. पंचविशीची, किडकिडीत, चपला दाराशी काढून तडक कपाट उघडणारी. कपाटातला एक शर्ट चर्रकन उघडून बघितला आणि म्हणाली,

"काकू, बटणं कुठे गेली?"

"अगं, त्यांना लावता येत नाहीत ना. मी लावली असती, पण मी गणवेश पोचवायला गेले तर?"

"सगळी परत लावा."

"सगळी? अकरा शर्ट आहेत!"

"अकराच्या अकरा. आणि काकू, राग मानू नका, पण तुम्ही मदत करायची नाही. ते चाचपडतील, चिडतील, अर्धा तास लावतील. तुम्ही हाताची घडी घालून बसायचं."

काकूंना राग आलाच. पण पोरीचा आवाज असा होता की हाताची घडीसुद्धा आपोआप घातली गेली.

सैलसाहेबांनी पहिले काही आठवडे तिच्या नाकी नऊ आणले. मऊ रबरी गोळा दाबायला सांगितला की ते तो खिशात टाकत. प्लास्टिकचे शंकू इकडून तिकडे ठेवायला सांगितले की म्हणत, "इकडे काय वाईट होते ते?" बालवाडीत घातल्याचा त्यांना अपमान वाटत होता. एक दिवस तिने शंकू पिशवीत भरले आणि समोर बसली.

"काका, तुम्ही दिवसभर काय करायचात? खरं खरं सांगा."

मग काय! पडत्या फळाची आज्ञा. ते तासभर बोलत होते. शाई काचेच्या पट्टीवर किती पातळ पसरायची, अंगठा अंगाकडे आणि बोटं अंगाबाहेर का लोळवायची, कार्डाची कड टेबलाच्या कडेला कशी भिडवायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो रूळ आणि पट्टी घरी आहे का?"

जुना संच माळ्यावर होता. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोली थाटली गेली. ठसे घ्यायला माणूस हवं, तर समोर बायको होतीच. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पण तिचे ठसे त्यांनी कधी घेतले नव्हते. तिच्या तर्जनीवर सुई टोचल्याच्या इतक्या खुणा होत्या की रेषांमध्ये बारीक पांढरे ठिपके उमटले. सैलसाहेब ते बराच वेळ बघत बसले.

"काय झालं? वाईट आलाय का?"

"नाही गं. छान आलाय," ते म्हणाले आणि पुढचं बोट मागितलं.

ठसे काही छान येत नव्हते. पहिल्या दिवशी दहापैकी दहा डाग, आठवड्याने तीन बोटं ओळखू येण्याजोगी. हात मध्येच थकून थांबायचा. थेरपिस्टने युक्ती सांगितली. "मनगट थकलं तर त्याच्यावर ओरडू नका, खांद्याला सांगा. खांदा शहाणा असतो." खांदा खरंच शहाणा निघाला. चौदाव्या आठवड्यात सात बोटं नीट यायला लागली, आणि रोज एक शर्ट बटणांसकट अंगावर चढायला लागला. काकू समोर हाताची घडी घालून, ओठ आवळून बसत. एकदा तर त्या स्वतःच्या हातांवर बसल्या होत्या.

असंच एकदा गंमत म्हणून थेरपिस्टने आपला हात पुढे केला. "माझा घ्या बघू." सैलसाहेबांनी तिची तर्जनी शाईवर टेकवली, कार्डावर लोळवली, आणि भला मोठा फराटा उमटला.

"हात दाखवून अवलक्षण!" ते म्हणाले. "पोरी, तुझी बोटं मदत करतात. मला वाटलंच होतं. तुझ्या अख्ख्या जमातीला हा रोग आहे."

ती हसली, पण त्यांना अपेक्षित होतं तेवढं नाही. हात धुवायला गेली ती जरा जास्तच वेळ नळाशी उभी राहिली.

दोन दिवसांनी तिच्या पिशवीतून शंकू काढताना एक पाकीट खाली पडलं. करडं, वर हिरवी पट्टी. असली पाकिटं सैलसाहेबांनी हजारोंनी बघितली होती. ठसे अस्पष्ट म्हणून अर्ज परत आला की तो याच पाकिटातून येतो.

"कितवं हे?" त्यांनी विचारलं.

तिने पाकीट उचललं. म्हणाली, "दुसरं."

मग तिने सगळं सांगितलं. परवाना हातात नव्हता. इस्पितळातल्या मोठ्या बाईंच्या देखरेखीखाली काम करायची सहा महिन्यांची तात्पुरती परवानगी होती, त्यातले एकोणीस दिवस उरले होते. यंत्राने ठसे दोनदा नाकारले. एकोणीस दिवसांत पडताळणी पुरी झाली नाही तर काम बंद, आणि इस्पितळ जागा काही रिकामी ठेवणार नव्हतं. पण तिला खरं खुपत होतं ते वेगळंच. इस्पितळात कुजबूज सुरू झाली होती की सगळ्यांची पडताळणी होते, हिचीच कशी अडकते? एका पेशंटच्या सुनेने ती आल्याबरोबर टेबलावरची पर्स उचलून आत नेली. आणि परवा जेवताना तिच्या वडिलांनी, मान वर न करता, हळूच विचारलं, "काही केलं होतंस का गं? मला सांगून ठेव."

"मी काही म्हणजे काही केलेलं नाही, काका. पण रोज सकाळी उठून आठवत बसते की केलं होतं की काय."

सैलसाहेबांच्या मनाला कधी नव्हे ते काहीतरी लागलं. यंत्राला काय कळतंय? यंत्र म्हणतं बोट दाबा, आणि ही दाबते. तिथे होडी नाही आणि हात सैल सोडा म्हणणारं कुणी नाही. त्यांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली.

"दोनदा यंत्राने नाकारलं की शाईचं कार्ड चालतं. आणि शाईचं कार्ड घ्यायचा अधिकार त्या इमारतीत माझ्या एकट्याचा आहे. अजून रजेवर आहे मी, मेलो नाही!"

"काका, तुम्ही माझे पेशंट आहात. ते बरं दिसणार नाही."

"बरं दिसतं की नाही ते नियमबाईंना विचारू."

नियमबाई म्हणजे परवाना खिडकीवरच्या बाई. नियमावली त्यांना तोंडपाठ होती, तरी बघितल्याशिवाय त्या बोलत नसत. फोनवर पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. शेवटी त्या म्हणाल्या, "ठसे घेणारा अर्जदाराचा नातेवाईक नसावा. पेशंट हा नातेवाईक नाही, मी दोनदा वाचलं. पण साहेब, तुम्हाला कामावर हजर व्हावं लागेल. हात बरा आहे असा दाखला हवा, आणि तो या मुलीने दिलेला चालणार नाही. आणि एका अर्जाला एकच कार्ड. तेही फिसकटलं तर मुख्यालयात जाऊन ठसे द्यायचे. तिथली तारीख तीन महिन्यांनी मिळते."

"म्हणजे एकच संधी?"

"नियम मी नाही केला, साहेब," नियमबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज नियमासारखा वाटला नाही.

पुढचे बारा दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलाला शाईचा वास सुटला. सैलसाहेब सकाळी बायकोचे ठसे घेत, दुपारी स्वतःच्या डाव्या हाताचे, संध्याकाळी शेजाऱ्यांचे. शेजारी आधी बिचकले, मग आपापल्या जुन्या भानगडी सांगायला लागले. दाखल्यासाठी इस्पितळातल्या मोठ्या थेरपिस्टबाईंनी त्यांच्याकडून शर्ट घालून घेतला, किल्ली फिरवून घेतली, स्वतःची दहा बोटं पुढे केली. नऊ स्वच्छ आली. दहाव्याला हात थरथरला. बाईंनी त्या ठशाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि रोज अर्धा दिवस काम करण्यापुरता दाखला लिहून दिला.

परवानगीचे सहा दिवस उरले असताना सैलसाहेब कार्यालयात हजर झाले. शर्टाची सगळी बटणं स्वतः लावलेली, त्यातलं एक चुकीच्या काजात. काकू पिशवी धरून बरोबर होत्या. त्यांनी ते चुकीचं बटण घरून निघतानाच बघितलं होतं आणि अख्खा रस्ता जीभ चावली होती. नियमबाईंनी कपाटामागचं चित्र काढून पुसून पुन्हा भिंतीवर लावलं होतं, थोडं तिरपं.

"हात सैल सोड. काम मी करतो," सैलसाहेब म्हणाले. "त्या चित्रात एक चूक आहे, सापडते का बघ."

"झेंडा उलटा उडतोय."

सव्वीस वर्षांत एवढ्या लवकर कुणालाही सापडली नव्हती. सैलसाहेबांनी सुस्कारा सोडला. हुशार माणसांचे ठसे घेण्यासारखा मनस्ताप नाही.

"मग होडीत माणसं किती असतील त्याचा विचार कर," त्यांनी ठोकून दिलं आणि उजवा अंगठा धरला.

अंगठा आला. तर्जनी आली. तिसऱ्या बोटाला तिने मदत केली असती, पण त्यांनी बोट शाईवरून तसंच उचललं, "माणसं किती?" म्हणून दटावलं, आणि ती पुन्हा होडीत गेली. उजवा हात पुरा झाला. नियमबाई खिडकी सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. डावा अंगठा, तर्जनी, मधलं, चौथं. एकेका बोटामागे सैलसाहेब थोडं थांबत, खांदा सोडत, पुन्हा धरत. नऊ चौकटींत नऊ स्वच्छ ठसे. उरली डावी करंगळी.

करंगळी कार्डावर टेकली, निम्मी लोळली, आणि त्यांचा हात थांबला.

थकला होता, बस. बोट उचललं तर ठसा अर्धा, दाबून धरलं तर डाग. हात आपला नाहीच, असं त्यांना वाटलं. थेरपिस्टला ते सगळं कळलं. तिच्यासमोर रोज दहा हात असेच अडत, आणि अशा वेळी काय करायचं हे तिच्या हाताला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिची करंगळी किंचित आवळली. अर्ध्या इंचाचं तर काम होतं, तिनेच लोळवली असती तर पटकन झालं असतं.

"मदत करू नकोस गं."

काकू बोलल्या होत्या. पिशवी कवटाळून त्या भिंतीशी उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मला रोज सांगतेस ना? त्यांचं त्यांना करू दे. लागू दे वेळ. कठीण असतं, मला माहीत आहे. पण हात सैल सोड."

थेरपिस्टने डोळे मिटले. सैलसाहेबांच्या बोटांना करंगळीचं वजन लागलं. एवढा वेळ तिचा हात होता पण वजन नव्हतं, आता सगळं त्यांच्यावर आलं. झोपलेल्या लेकराचा हात असतो तसा. त्यांनी मनगटाला काही सांगितलं नाही, खांद्याला सांगितलं. खांदा हळूच सरकला, कोपर त्याच्यामागे गेलं, मनगट नाइलाजाने निघालं, आणि करंगळी नखाच्या दुसऱ्या कडेपर्यंत लोळून कार्डावरून उचलली गेली.

नियमबाईंनी भिंग आणून दहाही चौकटी तपासल्या. "चालेल," त्या म्हणाल्या, कार्ड उचललं आणि जिना चढून स्वतः वर घेऊन गेल्या. नियमाप्रमाणे ते शिपायाचं काम होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी थेरपिस्ट घरी आली. हातात पाकीट होतं, पांढरं, हिरवी पट्टी नसलेलं. तिने ते उघडलं नव्हतं. सैलसाहेबांपुढे टेबलावर ठेवलं.

"तुम्ही उघडा. उजव्या हाताने."

"अगं, जीव टांगणीला लागलाय इथे, आणि तुला व्यायाम सुचतोय?" काकू म्हणाल्या. पण म्हणता म्हणता त्यांनी हाताची घडी घातली होती.

सैलसाहेबांनी पाकिटाची कड चिमटीत धरली. सुटली. पुन्हा धरली. कागद तिरका फाटला, मध्येच अडला, मग फाटत गेला. तिघांपैकी कुणीही घाई केली नाही. आतली घडी त्यांनी टेबलावर टेकवून बोटांनी उलगडली. आपण खालून वर पाठवलेल्या कार्डांचं वर काय होतं, ते आयुष्यात पहिल्यांदाच ते वाचत होते. अर्जदाराचं नाव, अर्जाचा क्रमांक, आणि खाली एकच ओळ.

"आढळलेल्या नोंदी: निरंक," त्यांनी वाचलं. कागद उलटा करून मागे बघितलं. मागे काही नव्हतं. "एवढंच?"

"एवढंच, काका. एवढंच हवं होतं."

तिने फोन काढला, वडिलांना लावला. "बाबा," म्हणाली, आणि पुढचा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. तीनदा प्रयत्न केला. पलीकडून वडील हाका मारत होते.

काकूंनी हाताची घडी सोडली, उठल्या, तिच्या हातातून फोन घेतला आणि दुसऱ्या हाताने तिला पोटाशी धरलं. "मी तुमच्या मुलीच्या पेशंटची बायको बोलतेय," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "निरंक आलंय हो. काही म्हणजे काही केलेलं नाही तुमच्या मुलीने." आणि त्या वेळी, काकू, मदत करू नका, असं त्यांना कुणीही म्हणालं नाही.